अ‍ॅलिसला आपल्या विहिरीत उतरवताना

प्रश्न असा आला आहे: 'ताई, मी लातूर जिल्ह्यातली, उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. अ‍ॅलिसच्या गोष्टीवर चार मिनिटांचा, हाताने काढलेला अतिवास्तव अ‍ॅनिमेशनपट करायचा आहे. सशाच्या बिळाऐवजी आमच्या शेतातली कोरडी विहीर घेतली आहे, अ‍ॅलिसला परकर-पोलकं घातलं आहे. सर म्हणतात, असलं कुणाला कळणार नाही. मला मात्र वेगळीच भीती वाटते, आपण नुसते कपडे बदललेत की काय! कुठं चुकतंय? चित्रं किती काढावी लागतील? हक्कांची अडचण येईल का?'

सरांच्या आक्षेपापेक्षा तुझी शंका जास्त खरी आहे, म्हणून आधी तिचं बोलू.

मी या कामात बावीस वर्षं आहे. पहिली सहा वर्षं पुण्यात दुसऱ्यांच्या मालिकांचं क्लीन-अप आणि इनबिटवीन केलं, म्हणजे कच्च्या रेघा साफ करणं आणि हालचालीतली मधली चित्रं काढणं. नंतर छत्रपती संभाजीनगरला आले. इथं दोन लाइट टेबलांवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेच्या मेजांवर, आमचं छोटं काम चालतं, आणि शिकायला येणारी पोरं जवळपास सगळी मराठवाड्यातली. दर वर्षी त्यांच्यातल्या एका-दोघांना अ‍ॅलिस करायची असते, आणि दर वर्षी तीच अडचण येते. स्वप्न म्हटलं की काहीही चालतं, अशी सगळ्यांची समजूत असते. मासा उडतो, घड्याळ वितळतं, डोक्यातून झाड उगवतं. चित्रं देखणी होतात, पण चाळिसाव्या सेकंदाला बघणाऱ्याची मान खाली जाते.

सशामागं धावत बिळात पडणाऱ्या मुलीचं ते पुस्तक, 'अ‍ॅलिस इन वंडरलँड', पुन्हा एकदा काढ आणि हळू वाच. ते लिहिणारा लुईस कॅरल, खरं नाव चार्ल्स लटविज डॉजसन, ऑक्सफर्डला गणित शिकवायचा. ४ जुलै १८६२ रोजी नावेतून जाताना त्यानं तीन बहिणींना ही गोष्ट रचून सांगितली, आणि १८६५ साली जॉन टेनियलच्या ४२ चित्रांसह तिचं पुस्तक निघालं. गणिताच्या माणसाची गोष्ट आहे, हे वाचताना विसरू नकोस. त्या पुस्तकात वाट्टेल ते घडत नाही. जे घडतं त्याला दोन कायदे आहेत. पहिला, कुठल्याच गोष्टीचा आकार पक्का नाही. दुसरा, शब्द बोलला की तो शब्दशः खरा होतो. चहाच्या त्या वेड्या पंगतीत कायम सहाच का वाजलेले असतात? टोपीवाल्यानं गाणं बेताल म्हटलं, राणी ओरडली की हा वेळेचा खून करतोय, आणि तेव्हापासून वेळ त्याच्यावर रुसली. आपल्याकडेही माणसं वेळ मारून नेतात. फक्त तिथं वेळेनं ते मनाला लावून घेतलं.

आता तुझी विहीर. विहीर चांगली आहे, ती राहू दे. पण तिच्याकडे पोरगी जाते कशाच्या मागं? सशाच्या जागी तू काय ठेवलंस, हे पत्रात नाही. माझा अंदाज, ससाच ठेवला असशील. गडबड तिथंच आहे. घड्याळवाला ससा हा इंग्रजी घरातल्या मुलीचा ससा. तुझ्या पोरीनं कशाच्या मागं धावावं, ते तुझ्या भाषेला विचार.

मी तुझ्या जागी असते तर 'तोंडचं पाणी पळालं' इथून सुरुवात केली असती. शब्दशः. पोरगी उन्हात उभी आहे, घाबरते, आणि तिच्या तोंडातलं पाणी ओठावरून खाली उडी मारतं, त्याला दोन पाय फुटतात आणि ते पळत सुटतं. पोरगी त्याच्या मागं. आता ससा लागत नाही, घड्याळ लागत नाही, आणि मराठी कळणाऱ्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. तहान लागलेलं लेकरू पळत्या पाण्यामागं धावणारच.

पुढचं दृश्यही त्यातूनच निघतं. पाणी गेलं की ओठ सुकले, ओठांना भेगा पडल्या. कॅमेरा ओठांच्या जवळ, आणखी जवळ. भेग मोठी होत जाते आणि ती काळ्या रानातली उन्हाळ्यातली भेग होते, आपल्या कापसाच्या जमिनीला मे महिन्यात पडते तशी. पोरगी त्या भेगेच्या काठावर उभी आहे, मुंगीएवढी. पाय घसरतो. ती पडते ती स्वतःच्याच तहानेत. आकार पक्का नाही हा कॅरलचा कायदा पाळला गेला, शब्द खरा झाला हाही पाळला गेला, आणि विहीर आपोआप आली. एवढं जमलं तर परकर-पोलकं घातलं काय आणि शाळेचा गणवेश घातला काय, फारसा फरक पडत नाही.

वहीचं एक पान घे आणि असले शब्दप्रयोग लिहून काढ. पोटात कावळे ओरडणं, जीव टांगणीला लागणं, पायाखालची जमीन सरकणं, जिभेला हाड नसणं, घशाला कोरड पडणं. पन्नास तरी निघतील. त्यातले चारच निवड, आणि चारही पाण्याच्या आणि तहानेच्या वाटेवरचे निवड. बाकीचे कितीही आवडले तरी सोडून दे. हे सोडून देणंच सगळ्यात अवघड जातं, मला अजूनही जातं.

सर म्हणतात कळणार नाही. त्यांना नम्रपणे सांग की 'मुंगी उडाली आकाशी, तिने गिळिले सूर्यासी' हा मुक्ताबाईंचा अभंग आपल्या आज्या कीर्तनात ऐकत आल्या आहेत. त्याच अभंगात पुढं माशी व्याली आणि घार झाली असं आहे, आणि शेवटी ते पाहून मुक्ताई हसते. अर्थाचे पदर उलगडायला बुवा लागतात, पण मुंगी उडालेली डोळ्यांपुढं दिसायला कुणी लागत नाही. पैठणच्या नाथांची भारुडं गावागावांत सोंगं घेऊन नाचली गेली. अशी उलटी-सुलटी चित्रं मनात धरून ठेवायची सवय आपल्या लोकांना जुनी आहे. प्रेक्षक कमी पडेल ही काळजी करू नकोस.

आता आधीच्या कामांविषयी. ती बघ, पण नक्कल करायला नको, प्रत्येकाकडून एकच गोष्ट घे.

फ्रान्सच्या एमिल कोलचा १९०८ सालचा 'फँटास्मागोरी' हा अ‍ॅनिमेशनपट दोन मिनिटांहूनही लहान आहे, सुमारे ७०० चित्रांचा. काळ्यावर पांढरी रेघ, आणि ती रेघ कशाचं काय करत जाते एवढंच. रेघ तुटत नाही, म्हणून आपणही तुटत नाही. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्या हलवून पट केला होता. साधनं नाहीत असं मनात आलं की मी त्या आगकाड्या आठवते.

प्रागच्या यान श्वान्कमायरनं १९८८ साली अ‍ॅलिसवर पूर्ण लांबीचा पट केला, खरी मुलगी आणि हलवलेल्या वस्तू मिळून. त्याचा ससा पेंढा भरलेला आहे. त्याच्या पोटातून लाकडाचा भुसा गळतो आणि तो तोच भुसा खातो. सुरवंट म्हणजे एक मोजा, त्याला कवळी आणि काचेचे डोळे. हे अंगावर येतं, कारण मोजा मोजाच राहतो. त्याचा स्पर्श आपल्या पायाला माहीत आहे. श्वान्कमायरकडून एवढंच शीक: विचित्र गोष्ट ओळखीच्या वस्तूतून बनव. तुझ्या घरात पितळेची घागर, रबरी पाइप, प्लास्टिकचा पिवळा कॅन, चुंबळ, बाजेची सुंभ असेल. त्यातून पात्रं काढ.

आणि अमेरिकेतल्या व्हिन्स कॉलिन्सचा १९८२ चा अ‍ॅलिसवरचा लघुपट, जेमतेम चार मिनिटांचा. तुझ्या मनात बहुतेक तोच असणार. तो लहानांसाठी नाही हे आधीच सांगते, घरातल्या लेकरांसमोर लावू नकोस. त्यात एकही आकार टिकत नाही. प्रत्येक गोष्ट दुसरीच्या आतून उलटून बाहेर येते, रंग डोळ्यांत घुसतात, श्वास घ्यायला जागा नाही. हाताची ताकद बघून आजही माझी मान लवते. पण ती पद्धत उचललीस तर फसशील. मी फसले आहे. बारा वर्षांपूर्वी तीन मिनिटांचा एक पट केला, त्यात पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत सगळं सतत बदलत होतं. एका गावातल्या शाळेत चादरीवर दाखवला. पहिलं मिनिटभर पोरं टाळ्या वाजवत होती, नंतर गप्प झाली आणि मागं वळून एकमेकांशी बोलायला लागली. घरी येऊन मी तो पट स्टॉपवॉच घेऊन पाहिला. एकही आकार अर्धा सेकंदसुद्धा थांबला नव्हता. पोरांना काय बदललं हे कळायला आधी काय होतं ते दिसायला हवं होतं, आणि तेच मी त्यांना दिलं नव्हतं.

म्हणून रूपांतराचं तंत्र नीट लिहिते. सगळा पट त्यावर उभा राहणार आहे.

समजा घागरीची बाई व्हायची आहे. पहिलं की-ड्रॉइंग, म्हणजे हालचालीचं मुख्य चित्र, घागर, शेवटचं बाई. नवीन पोरं मधलं चित्र काढताना दोन्हींची सरासरी काढतात. अर्धी घागर, अर्धी बाई, आणि मधे एक लिबलिबीत गोळा. तसं करू नकोस. मधलं चित्र ही स्वतःची तिसरी वस्तू असायला हवी. घागरीचा गळा आणि बाईची मान यांच्यामध्ये काय बसतं? मला तरी चुंबळ घेऊन ओणवी झालेली पाठ दिसते. ती ठेवलीस की घागरीतून पाठ, पाठीतून बाई असा प्रवास होतो आणि गोळा नाहीसा होतो. दुसरं, सगळं एकदम बदलू देऊ नकोस. एक भाग पुढं जाऊ दे, बाकीचा मागून येऊ दे. कॅरलनंच हे लिहून ठेवलंय. त्याचं हसणारं मांजर शेपटीपासून नाहीसं व्हायला लागतं आणि हसू सगळ्यात शेवटी जातं. सरदारणीचं बाळ अ‍ॅलिसच्या हातात डुक्कर होतं तेही टप्प्याटप्प्यानं: आधी गुरगुर, मग नाक वर वळलेलं दिसतं, मग डोळे बारीक होताना दिसतात. त्या प्रकरणाच्या समासात मी पेन्सिलनं फ्रेमचे आकडे लिहिले आहेत. तिसरं, वजन. आकार बदलला तरी वस्तूचा तोल एकाच जागी राहू दे, नाहीतर चित्र तरंगायला लागतं. आणि चौथं, माझ्या चुकीतून आलेलं: प्रत्येक रूप ओळखू येईपर्यंत थांब, निदान १२ फ्रेम. मग ८ ते १० फ्रेममध्ये झटकन बदल, आणि पुन्हा थांब.

शक्य झालं तर एक दिवस अजिंठ्याला ये. पहिल्या लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरली आहेत आणि चौघांना मिळून डोकं एकच आहे. ज्या धडावर नजर टाकशील, त्याचंच ते डोकं वाटतं. दगड हलत नाही, तुझा डोळा हलतो आणि हरीण बदलतं. रूपांतराचा इतका नेमका धडा मला दुसरीकडे कुठं मिळाला नाही. मग सतराव्या लेण्यातल्या जातककथा बघ. एकाच भिंतीवर तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा दिसतो, मधे चौकटी नाहीत. झाड, दार, खांब यांच्या आडून प्रसंग पुढं सरकतो. पटात कट कमी आणि सरकणं जास्त हवं असेल तर तिथली जोडणी वहीत उतरवून घे.

पोरगी विहिरीत पडते तो भाग मी सगळ्यात लांब ठेवला असता, वीस-पंचवीस सेकंद. पुस्तकात ती इतकी हळू पडते की आजूबाजूला बघायला तिला सवड मिळते. भिंतीला कपाटं, फडताळं. ती मुरंब्याची एक बरणी उचलते, बरणी रिकामी निघते. खाली टाकली तर कुणाच्या डोक्यात पडेल म्हणून पडता पडताच पुढच्या फडताळात नीट ठेवून देते. हे वागणं मात्र जसंच्या तसं ठेव. जग उलटं झालंय आणि लेकरू मात्र आईनं शिकवलेलं विसरत नाही, अ‍ॅलिसचा जीव तिथं आहे. तुझ्या विहिरीत वरून खाली माती, मुरूम, मग काळा पाषाण येईल. त्यात दिवळ्या काढ, उतरंडी काढ, लोणच्याची रिकामी बरणी काढ. पोरीचा अभिनय अगदी कमी ठेव. तिनं डोळे विस्फारून किंचाळायचं नाही. समोरचं जितकं विचित्र, तितकी ती शांत आणि विचारी.

तळाशी काय असावं, याचं उत्तर पुस्तकातच आहे: अश्रूंचं तळं. अ‍ॅलिस नऊ फुटांची होऊन रडते, मग आक्रसते आणि आपल्याच आसवांत पोहते. इंग्रजीत वाचताना ती गंमत वाटते. लातूरच्या मुलीनं ते काढलं तर त्याचा अर्थ फार निराळा होईल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा तू लेकरू असशील, पण घरातल्या रांगा, कॅन आणि रात्रीचं जागरण तुझ्या अंगात असणार. तुझी पोरगी रडली आणि तळं साचलं, तर काठावर घागरी घेऊन बाया येतील. येणारच. कोरड्या विहिरीत पाणी दिसलं तर कोण थांबेल? त्या तिला रागवत नाहीत, तिचे डोळे पुसत नाहीत, मुकाट्यानं घागरी भरतात. एक जण खाली बसून तिला विचारते, 'अजून येतंय का गं?' पटात एवढं एकच वाक्य पुरे. इथं फार जपून जा. दुष्काळ हे सजावटीचं सामान नाही. भेगा, हाडं, मेलेली जनावरं यांची रांग लावू नकोस. ती वर्तमानपत्रांनी पुष्कळ लावली आहे. बायांचे हात खरे काढ, घागर उचलताना कमरेला बसणारा हिसका खरा काढ. तुझ्या आईला दहा वेळा घागर उचलायला लावू नकोस, एकदाच बघ आणि नीट बघ.

आवाज चित्रांच्या आधी कर. ही माझी हट्टाची गोष्ट आहे. घागर नळाखाली धर आणि ऐक. रिकामी असताना आवाज घोगरा, खाली. भरत जाते तशी आतली हवा कमी होते आणि सूर वर वर चढत जातो, इतका की पाठ फिरवून उभ्या बाईलाही कळतं घागर काठोकाठ आली. हा चढता सूर म्हणजे तुझ्या पोरीचं वाढणं. तो रेकॉर्ड कर, संगणकावर फ्रेम मोज, आणि सूर जसा चढेल तशी ती मोठी कर. सुराला चित्र बांधलं की प्रेक्षकाला कारण न सांगता पटतं. शेवटाकडे संबळ वापरायचा मोह होईल. आमच्याकडच्या प्रत्येक पोराला होतो. वापरायचाच असेल तर एखाद्या गोंधळ्याला रीतसर मानधन देऊन नवा वाजवून घे.

आता हिशोब. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरलं तर सेकंदाला १२ चित्रं. चार मिनिटं म्हणजे २८८० चित्रं. दिवसाला २० चित्रं, हा हाताने काढणाऱ्या एकट्या माणसाचा प्रामाणिक वेग आहे, म्हणजे १४४ दिवस, एकही सुटी न घेता. एवढे दिवस तुझ्याकडे नाहीत. पट अडीच मिनिटांचा कर. १८०० चित्रं होतात. त्यातला तिसरा हिस्सा थांबलेल्या आकारांत आणि लूपमध्ये निघेल. राहिली १२००, म्हणजे ६० दिवस. थांबलेला आकार मेलेला दिसू नये म्हणून तेच चित्र तीनदा गिरव आणि तिन्ही आलटून पालटून लाव, रेघ जिवंत थरथरते. सगळ्यात आधी अ‍ॅनिमॅटिक कर, म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं वेळेनुसार लावलेला कच्चा पट, आवाजासह, आणि ते घरच्यांना दाखव. कुठं ते बोलायला लागतात ते लिहून ठेव.

सामान थोडकंच लागतं. ऑफिसातल्या दोन भोकांच्या पंचची भोकं ८ सेंटिमीटर अंतरावर असतात. सुताराकडून लाकडी पट्टीवर त्याच अंतराच्या दोन खुंट्या बसवून घे, कागद हलणार नाही. काचेखाली एलईडी पट्टी ठेवली की लाइट टेबल झालं. फोननं फोटो काढणार असशील तर एक्सपोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक कर, शटर १/५० किंवा १/१०० ठेव, म्हणजे दिव्याची लुकलुक येणार नाही. खिडकीच्या उजेडात शूट करू नकोस, ढग आला की चित्र काळवंडतं. सॉफ्टवेअरसाठी क्रिता आणि ओपनटून्झ फुकट आहेत, पुरेसे आहेत.

हक्कांचं: कॅरल १८९८ ला गेला, टेनियल १९१४ ला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क चालतो, त्यामुळे मूळ गोष्ट आणि ती चित्रं मोकळी आहेत. पण मराठी अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो, म्हणून अनुवादातली वाक्यं उचलू नकोस. १९५१ च्या प्रसिद्ध अमेरिकी कार्टूनमधली निळ्या झग्याची अ‍ॅलिसही लांबच ठेव.

राहिला शेवट. पुस्तकात पत्ते अंगावर उडतात, ती जागी होते, आणि चेहऱ्यावर झाडाची वाळलेली पानं पडलेली असतात, बहीण ती हलकेच झटकत असते. तुझ्या पोरीच्या चेहऱ्यावर कडुलिंबाची पानं पडू देत. आई ती झटकेल आणि तिच्या गालावरून बोट फिरवेल. बोट ओलं. आई बोटाकडे बघते, तिथंच कट.

मला स्टोरीबोर्ड पाठवू नकोस, आधी तो घागरीचा आवाज पाठव. नळ येईल त्या दिवशी फोन चार्ज करून ठेव, आणि घागर भरेपर्यंत कुणी बोलू नका म्हणून घरात सांगून ठेव.